अक्कांच्या नावावरची चूक

निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. सकाळची साडेसात-आठची वेळ असेल. मी अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उभा होतो आणि शेजारच्या वहिनी दारातून म्हणाल्या, "जळगावहून फोन आहे, कोणी सुनंदा आहे." सुनंदा म्हणजे अक्कांची भाची, त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. खांद्यावर टॉवेल टाकून तसाच गेलो. "काका, आत्या गेली," ती म्हणाली. "सहा वाजता. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. वर्षानुवर्षं ऑफिसच्या फोनवर कुठलाही निरोप आला की "बरं" म्हणून लिहून घ्यायची सवय, तीच जिभेवर आली. तिकडून सुनंदानेच विचारलं, "तुम्ही येताय ना?" धुळ्याहून जळगावला जायला पारोळा, एरंडोल करत एसटीला अडीच-तीन तास लागतात. गाडी उशिरा मिळून मी दुपारी पोचलो तेव्हा मेहरूण तलावाजवळच्या त्यांच्या घरासमोर माणसं अंत्यविधीहून परतलेली होती आणि अंगणातल्या सतरंज्या गोळा करणं चाललं होतं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. अक्का म्हणजे कमल भिवा सोनवणे. त्यांच्याबद्दल लिहावं असं कोणी मला सांगितलेलं नाही. त्या काही नाव असलेल्या बाई नव्हत्या. जळगावच्या एका सरकारी कार्यालयात टंकलेखक म्हणून लागल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या, मधली तीन वर्षं सोडली तर. लिहायचं आहे ते त्या तीन वर्षांमुळे.

आमचं कार्यालय विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचं. जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींवर आमची माणसं वर्षातून चार वेळा जायची, टेप सोडायची, पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते चिठ्ठीवर लिहून आणायची. ते आकडे मोठ्या रजिस्टरात चढायचे आणि त्यावरून वरच्या कार्यालयाला तक्ता जायचा. कुठल्या गावात उन्हाळ्यात टँकर लागणार, हे त्या तक्त्यावरून ठरायचं, निदान ठरावं अशी अपेक्षा होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा या कार्यालयात मी कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. नोकरी अजून कायम व्हायची होती. मी लागलो आणि दोनच महिन्यांत कार्यालयाला पहिला कॉम्प्युटर मिळाला. पुण्याला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला माझं नाव गेलं, कारण मी सगळ्यांत लहान होतो आणि बाकी कोणालाच जायचं नव्हतं. परत आलो तो हवेत. साहेबांसकट सगळं ऑफिस मला विचारून बटण दाबतं, याची मला फार मजा वाटायची.

मशीन चालवायला अक्कांना नेमलं, कारण टायपिंगचा त्यांचा वेग जिल्ह्यात कोणाला नव्हता. त्या तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर असतील. जाड काचांचा चष्मा, सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. टाइपरायटरवर बसल्या की मान जराही हलायची नाही, फक्त बोटं. मूळच्या भडगावकडच्या, गिरणेच्या काठच्या एका खेड्यातल्या. वडील रेल्वेत रुळांवर काम करायचे, त्यामुळे घर जळगावला आलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "राहून गेलं," एवढंच म्हणायच्या आणि पुढचा कागद रोलरला लावायच्या. ऑफिसात सगळे त्यांना अक्का म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा.

त्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती. दोन फ्लॉपी घालायच्या फटी होत्या, तेवढंच. फ्लॉपीवर काम फार सावकाश चालायचं, एकेका नोंदीला ती घरघर करत बसायची. पुण्याला आम्हाला त्यावर एक युक्ती शिकवली होती. मशीनच्या स्मृतीचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि मशीनला सांगायचं की ही एक डिस्क आहे. खरी नाही, आभासी. सगळ्या फाइली सकाळी त्या आभासी डिस्कवर चढवायच्या की काम नुसतं पळायचं. फक्त वीज गेली, किंवा मशीन बंद केलं, की त्या डिस्कवरचं सगळं जायचं. म्हणून मधूनमधून काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: कॉपी, सी कोलन, स्टार डॉट स्टार, बी कोलन. एंटर दाबलं की फ्लॉपीच्या फटीशी लाल दिवा लागायचा, एकेका फाइलचं नाव खाली उतरत जायचं आणि शेवटी इतक्या फाइली कॉपी झाल्या असं यायचं. मग त्या खऱ्या झाल्या.

हे सगळं मी अक्कांना मोठ्या थाटात समजावलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणजे आहे असं दिसतं, पण नाही?"

"आहे ना अक्का. लाइट असेपर्यंत आहे."

"जळगावात?" त्या म्हणाल्या. "मग नाहीच म्हणायचं."

आठवड्याभरात त्या माझ्यापेक्षा सफाईने काम करू लागल्या. दहा विहिरींची नोंद झाली की ती ओळ टाइप करायची, हा त्यांचा नेम. त्याला त्या 'उतरवून घेणं' म्हणायच्या, आणि पुढे सगळं ऑफिस तोच शब्द वापरू लागलं. साहेब काही सांगत उभे असले तरी, "एक मिनिट साहेब, उतरवून घेते," म्हणून त्या आधी तो लाल दिवा लागून विझेपर्यंत थांबायच्या, मगच वर बघायच्या. नोंद झालेल्या चिठ्ठ्या त्या भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवायच्या. मी हसायचो. "अक्का, मशीन कशासाठी आहे मग? हा कागदाचा पसारा बंद करण्यासाठीच ना?" त्या म्हणायच्या, "असू दे. कागद काही खायला मागत नाही."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षीचा मे महिना... जळगावच्या माणसाला मे महिन्याबद्दल सांगायला नको. जामनेर आणि भडगाव तालुक्यांच्या चिठ्ठ्या एकाच दिवशी आल्या, साठ-बासष्ट असतील. तक्ता आठवड्याभरात पाठवायचा होता. अक्कांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी ठरलं. रजेचा अर्ज दिला असता तर साहेबांनी त्या घाईत तो नाकारला असता, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुधाकरभाऊ, उद्याचा दिवस तुम्ही बसा मशीनवर. मी दुपारनंतर येऊन जाते. उतरवून घेत जा मात्र."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी एकटा बसलो. हात चांगला चालत होता. प्रत्येक चिठ्ठीची नोंद झाली की ती दोन तुकडे करून टोपलीत टाकत होतो. तारेला टोचायचं जुनाट काम मला करायचं नव्हतं. उतरवून घ्यायचं डोक्यात येत होतं, पण फ्लॉपी घरघरायला लागली की दोन मिनिटं हातावर हात ठेवून बसावं लागायचं आणि मला सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत संपवून दाखवायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, आल्यावर करू. आल्यावर म्हटलं, आता पंचवीसच राहिल्या. टोपली दुपारी रोजच्याप्रमाणे शिपायाने मागच्या अंगणात नेऊन कचऱ्याबरोबर पेटवली. पावणेचारला, शेवटच्या सहा-सात चिठ्ठ्या हातात असताना, कूलर आधी थांबला. मग पडदा एका ठिपक्यात मिटला... तो ठिपका जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं, तरी लाइट परत आल्यावर मी पुन्हा पुन्हा बघितलं. डिस्क होती, रिकामी होती. त्या दिवशी अक्का दवाखान्यातून येऊ शकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा मी त्यांना काही सांगायच्या आत साहेबांनी दोघांना आत बोलावलं. तक्ता कुठवर आला हे त्यांना बघायचं होतं. मी सांगितलं की लाइट गेली, आकडे गेले. चिठ्ठ्या? चिठ्ठ्याही गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते, पण वरून रोज फोन येत होता. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं आणि विचारलं, "हे कोणाच्या हातून झालं?"

मी खाली बघत होतो. माझी नोकरी कायम व्हायला चार महिने राहिले होते, घरी आई-वडील माझ्यावर अवलंबून होते... ही सगळी कारणं मी नंतर शोधून काढली. त्या वेळी डोक्यात काहीच नव्हतं, फक्त तोंड उघडत नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता. अक्का माझ्याकडे बघत होत्या, हे मला न बघता समजत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्या म्हणाल्या, "मशीन माझ्या ताब्यात आहे, साहेब."

त्या खोटं बोलल्या नाहीत. मशीन त्यांच्या ताब्यात होतंच.

साहेब म्हणाले, ठीक आहे, झालं ते झालं. मागच्या मे महिन्याचे आकडे घ्या, पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे करा आणि तक्ता पाठवून द्या, कोण बघतंय. मला सुटल्यासारखं झालं. अक्का म्हणाल्या, "ते मी टाकणार नाही."

"मग काय टाकणार?"

"रकाने रिकामे ठेवते. नाहीतर मोजून आणते."

"माणसं कुठं आहेत आता मोजायला? जीप नाही."

"मी जाते. हे येतील बरोबर."

साहेबांनी आठ दिवस दिले, बहुतेक अक्कांचा संताप टाळायला. अक्का कधी विहिरीवर गेलेल्या नव्हत्या, ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांनी मोजणीची टेप मागून घेतली, पिशवीत टाकली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही जामनेरला गेलो. पहिले पाच दिवस त्या माझ्याशी कामाशिवाय बोलल्या नाहीत. रागावल्या होत्या असंही नाही. गावाचं नाव विचारायच्या, विहीर कुणाच्या शेतात ते विचारायच्या, काळ्या रानातून डोक्यावर पदर घेऊन माझ्या पुढे चालायच्या. टेपला वजन लावून सोडायचं, पाण्याला लागल्याचा आवाज आला की थांबायचं, आकडा वाचायचा. मी वाचायचो, त्या वहीत लिहायच्या आणि शेजारी तारीख घालायच्या, मोजलं त्या दिवसाची. मी म्हटलं, सगळ्यांना एकच तारीख टाकली तर तक्ता बरा दिसेल. त्यांनी ऐकलं नाही असं केलं.

सहाव्या दिवशी भडगावच्या पुढच्या एका खेड्यात उतरलो. विहीर गावाला लागून होती, दगडी बांधलेली, जुनी. आज टेप मी सोडते, असं अक्का म्हणाल्या. शेजारी चिंचेच्या सावलीत एक म्हातारे आबा बसले होते. ते बराच वेळ बघत होते, मग काठी टेकत जवळ आले.

"कोनी पोर शेस तू?"

"भिवानी," अक्का म्हणाल्या. "रेल्वेमा व्हता तो भिवा."

 आबांनी अक्कांच्या पायांकडे बघितलं, त्या विहिरीच्या अगदी काठाशी उभ्या होत्या. मग हळूच म्हणाले, "वाकू नको. तठला दगड ढिला शे." आणि थोड्या वेळाने, आटलेल्या विहिरीकडे हात करून, "माप, माप. बठ्ठं पानी सरनं, काय मापशी."

अक्कांनी टेप सोडली. वजन खडकावर आपटून मग कुठे पाण्यात गेल्यासारखं वाटलं. त्यांनी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा आकडा तोच आला. वहीत लिहिला, तारीख घातली.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो तेव्हा सहा दिवसांत पहिल्यांदा त्या आपणहून बोलल्या. "तो दगड आहे ना, ढिला. त्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला माझी आई हंडा घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर पाणी. मी तिचा पदर धरून. आज पहिल्यांदा आतून बघितली विहीर."

 "कशी वाटली?" असं काहीतरी मी विचारलं.

"लहानपणी फार खोल वाटायची, न बघता." त्यांनी टेप पिशवीत नीट गुंडाळून ठेवली. "एवढी नाही."

त्या वर्षीचं पाणी मागच्या वर्षीपेक्षा पुष्कळ खाली गेलेलं निघालं. मागचेच आकडे थोडे हलवून पाठवले असते तर त्यातली बरीचशी गावं टँकरच्या यादीतच आली नसती. ती आली, ते खेडंही आलं, आणि जूनच्या आत तिथे टँकर गेला. हे कोणाला माहीत नाही, त्या आबांनाही नसेल.

तक्ता पाच दिवस उशिरा गेला आणि उशिराचं कारण वरून लेखी मागवलं गेलं. साहेबांना कागदावर कोणाचं तरी नाव हवं होतं. अक्कांकडे खुलासा मागितला. त्यांनी तो माझ्यासमोर टाइप केला, दोन ओळींचा. सदर दिवशी यंत्र माझ्या ताब्यात होते. माहिती जतन न झाल्याची जबाबदारी माझी आहे. कागद रोलरमधून काढून त्यांनी माझ्या टेबलावरून नेला, थोडा सावकाशच नेला असं मला नंतर वाटत राहिलं. मी माझ्या रजिस्टरात डोकं घालून बसलो होतो. महिन्याभरात त्यांच्या गोपनीय अहवालात ठपका आला, त्या वर्षी होणारी बढती थांबली आणि धुळ्याला बदलीचा आदेश निघाला. चार महिन्यांनी मी कायम झालो, आणि ऑफिसात पेढे वाटले.

धुळ्यात अक्का तीन वर्षं राहिल्या, एका खोलीत. आईला तिकडे नेलं तर तिला करमेना. ऑपरेशन होऊनही एका डोळ्याने फारसं दिसत नव्हतं आणि मेहरूणच्या घरात तिला निदान चार पावलं अंदाजाने टाकता यायची. म्हणून आई भावाकडेच राहिली आणि अक्का दर शनिवारी दुपारच्या एसटीने जळगावला यायच्या, सोमवारी पहाटे परत. आई गेली ती एका बुधवारी. निरोप पोचून अक्का येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी त्या घरी भेटायला गेलो होतो. त्या दाराशी बसलेल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला "तुम्ही होतात का?" एवढंच विचारत होत्या. मी होतो. मी खांदा दिला होता. ते मला त्यांना सांगवेना.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी मुद्दाम धुळ्याला गेलो. ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. कप बशीत ठेवला आणि एकदाचं म्हणालो, "अक्का, त्या दिवशी साहेबांसमोर मी..."

"मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला माहीत आहे. मी थांबले होते की. तुम्ही बोलाल म्हणून बराच वेळ थांबले होते."

"चूक झाली माझी."

"ती पहिलीच म्हणता, का दुसरी?" मी बशीतला कप फिरवत राहिलो. "पहिली कोणाच्याही हातून होते. माझ्या हातूनही झाली असती. पण ते तुम्ही मला सांगून माझा काय उपयोग? कागद त्या ऑफिसात आहे."

मी म्हटलं, लिहून देतो. खरंच देणार होतो. जळगावला आल्यावर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. साहेब बदलून गेले होते, नवीन साहेब कसे घेतील माहीत नव्हतं, माझंही नाव वरच्या जागेसाठी चालू होतं... कारणं पुन्हा सापडली. त्यानंतर अक्कांनी एकदाही तो विषय काढला नाही. परत जळगावला आल्या त्या बदलीच्या नेहमीच्या यादीत आल्या, माझ्यामुळे नाही. माझ्याशी त्या चांगल्याच वागल्या. माझ्या मुलीच्या बारशाला आल्या. आणि हे चांगलं वागणं मला फार सोयीचं पडलं, हे आज कबूल करायला हवं. नंतरच्या वर्षांत नवीन मशीनं आली, हार्ड डिस्क आल्या, ती आभासी डिस्क आणि ती ओळ कोणाला लागेनाशी झाली. ऑफिसातल्या नव्या मुली अक्कांकडून कॉम्प्युटर शिकल्या. किती जणी शिकल्या ते त्या गेल्यावर श्रद्धांजलीला अंगणात जमलेल्या बघून कळलं.

पुढे माझीच धुळ्याला बदली झाली. अक्कांच्या मूत्रपिंडांचं दुखणं मला फोनवरून कळत राहिलं. शेवटचा भेटलो तो त्या जाण्याआधी महिनाभर, दवाखान्यात. सुजलेले हात पांघरुणावर ठेवून पडल्या होत्या. बोटं मधूनच हलत होती. मी पुन्हा तेच बोलायला बसलो होतो, पण त्यांनी डोळे मिटले, आणि झोप लागली की मला थांबवलं हे समजलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे अक्कांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, ऑफिसातल्या दोघी-तिघी बोलल्या. त्यातली एक म्हणाली, "अक्कांच्या हातून सबंध नोकरीत एकदाच चूक झाली आणि त्यांनी ती लगेच कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा." लोकांनी माना डोलावल्या. सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही बोला ना. तुम्ही सगळ्यांत जुने."

मी उठलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हणालो की ती चूक अक्कांची नव्हती, माझी होती. त्या दिवशी मशीनवर मी बसलो होतो, त्या आईजवळ दवाखान्यात होत्या. चिठ्ठ्या मी फाडल्या. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, आणि त्यानंतर आजपर्यंत गप्प राहिलो. एवढं बोलायला एक मिनिटही लागलं नाही. 

पुढच्या रांगेत अक्कांचे थोरले भाऊ, नाना, बसले होते. सत्तरी उलटलेले, कानाने अधू. त्यांनी सुनंदाला कोपराने हलवून विचारलं, "काय म्हनस तो?"

सुनंदाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूक आत्यानी नव्हती, नाना. यास्नी व्हती."

नानांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. हिशेब जुळत नाही असं बघतात तसं ते बघत होते. मग त्यांनी मलाच धुळ्याच्या बदलीचं विचारलं, "मंग तिले धुयाले कसाले धाडं?"

मी उभाच होतो.  थोड्या वेळाने कोणीतरी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

जेवणं झाल्यावर मी निघालो तेव्हा सुनंदा म्हणाली, "काका, आत येऊन जा." ती माझ्याशी आता कशी बोलेल याची मला धास्ती होती, पण ती नेहमीसारखीच बोलली, जरा हळू. अक्कांची खोली मागच्या बाजूला होती. खाट, भिंतीशी टेबल, बाबासाहेबांचा फोटो, खिडकीतून तलावाची एक कड. दाराच्या मागे खिळ्याला एक खाकी कापडी पिशवी टांगलेली होती. सुनंदाने ती काढून खाटेवर ठेवली आणि उघडली. आत धुतलेला टॉवेल, साबणाची डबी, कंगवा, घडी घातलेली एक साडी, पाण्याची बाटली.

"दवाखान्यात जाताना ही नेली नव्हती का?" मी विचारलं.

"त्याला दुसरी होती. ही धुळ्याची." तिने साडीवरून हात फिरवला. "परत आल्यावरही आत्याने कधी रिकामी केली नाही. दर शनिवारी टॉवेल धुवायची आणि परत आत ठेवायची. आम्ही हसायचो. म्हणायची, बदली काय, कधीही होते."

सुनंदाने सगळं होतं तसं पिशवीत भरलं आणि ती पुन्हा खिळ्याला लावली. दार उघडलं की पिशवी त्याच्या मागे जायची, दिसायची नाही. मी चपला घातल्या आणि धुळ्याच्या गाडीला निघालो.